बावीस टाक्या, एक टेकाड

२ मार्च

भूखंडधारक बंधू-भगिनींनो! नऊ वर्षं झाली. आपल्याकडे जमीन आहे, नकाशा आहे, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर नंबराचा दगड आहे, आणि आपल्या बावीस कुटुंबांपैकी एकाकडेही स्वतःचा संडास नाही! का नाही? कारण गावाची गटारवाहिनी आपल्यापासून दोन मैलांवर येऊन थांबली आणि तिथेच म्हातारी झाली. परवाना कार्यालय म्हणतं, हरकत नाही, अंगणात सेप्टिक टाकी बांधा, तिच्यातलं पाणी जमिनीत मुरवा. पण तुमची माती ते मुरवून घेईल हे आधी सिद्ध करा, मगच घर बांधा. माती सिद्ध करा! माणसाला स्वतःला सिद्ध करता करता जन्म पुरत नाही, आणि आता आम्ही चिखलाची बाजू मांडत फिरायचं?

हे सगळं आजच्या सभेत बोलायचं होतं. बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिलं. वहीला कान नाहीत, पण निदान ती मध्येच उठून जात नाही.

झालं असं. शुक्रवारी कार्यालयात काचेच्या खिडकीआडच्या कारकुनाशी मी पाऊण तास बोलले. काच जाड होती, म्हणून आवाज वाढवला. शनिवारी घशातून बिजागरीसारखा आवाज निघू लागला. आज डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. सहा आठवडे मौन. कुजबुजसुद्धा नाही."

"आणि फारच गरज पडली तर?"

"हे विचारलंत तेसुद्धा बोलणंच झालं."

घरी येऊन पाटीवर सगळं लिहून वहिनीला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. "सहा आठवडे? ताई, डॉक्टरांना काहीतरी भेट पाठवायला हवी."

४ मार्च

मौनाची खरी अडचण आज कळली. आम्ही दोघी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून मी आणि ही त्याची बायको. संडास खाली, पाच बिऱ्हाडांना मिळून एक. त्याची आतली कडी कित्येक वर्षं मोडलेली आहे. म्हणून आमच्या इमारतीची रीत अशी की आत असलेल्याने आवाज करत राहायचं. तळमजल्याचे आजोबा खोकतात. वहिनी पहाटे साडेचारला, बेकरीत पीठ मळायला जाण्याआधी, एकाच गाण्याची एकच ओळ गाते. मी भाषणांची तालीम करत असे. माझी कितीतरी उत्तम भाषणं तिथे तयार झाली.

आज मी आत मुकी बसले आणि आजोबांनी दार उघडलं.

आता चमचा नेते आणि बादलीवर वाजवते. आजोबा म्हणाले, "ताई, ताल चुकतोय."

५ मार्च

पाहणीची तारीख आली! अठरा तारखेला मृदापरीक्षक येणार. मी कार्यालयाची नियमपुस्तिका रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, जेवण होईपर्यंत वाचली. त्यात एक वाक्य सापडलं आणि मी खुर्चीतून उडालेच. 'पाणथळ जागेची पहिली खूण म्हणजे तिथली वनस्पती.' आमच्या खालच्या रांगेच्या, म्हणजे एक ते अकरा नंबरच्या भूखंडांच्या मागे, डबक्याच्या बाजूला पाणकणीस माजलंय, पुरुषभर उंच, टोकाला तपकिरी गुबगुबीत कणसं. सतरा नंबरवाले आमचे अध्यक्ष शिंपीकाका त्याला 'सरकारी साक्षीदार' म्हणतात.

साक्षीदारच नसेल तर?

मी 'उपटा!' या मथळ्याचं पत्रक लिहिलं. चार पानं. सभेत ते वाचायचं कोणी? वहिनीने. मी जिथे गर्जना योजली होती तिथे ती दुधाचा हिशोब वाचल्यासारखी वाचत गेली. "उठा पेटून उठा स्वल्पविराम मुळासकट उपटा उद्गारचिन्ह." लोक हसून हसून बाकांवर आडवे. पण ठराव एकमताने पास झाला. टेकाडावर सभागृह बांधायच्या माझ्या पाच वर्षांपूर्वीच्या ठरावानंतर पहिल्यांदाच एकमत!

घरी येताना वहिनी म्हणाली, "ताई, झाड उपटल्यावर पाणी कुठे जातं?"

मी पाटीवर लिहिलं, 'क्रांतीला असले प्रश्न विचारायचे नसतात.'

"मग कोणाला विचारायचे?"

पाटी भरली होती.

८ मार्च

विजय! सकाळी सात वाजता एकेचाळीस माणसं, फावडी, घमेली, जुने बूट. मी एका दगडावर उभी राहून हाताने दिशा दाखवत होते. वहिनी म्हणते मी वाहतूक पोलिसासारखी दिसत होते. चिखलात माझी एक चप्पल गेली ती गेलीच.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पाणकणसाचं पिकलेलं कणीस दाबलं की फुटतं, आणि त्यातून इतका कापूस निघतो की एकात उशी भरावी. पहिलं कणीस शिंपीकाकांच्या काखेत फुटलं. मग सगळीच फुटू लागली. दहा मिनिटांत एकेचाळीस माणसं पांढरीशुभ्र, एकमेकांवर शिंकत उभी. हसणं थांबेना. मला तर हसायचीही बंदी, म्हणून मी पोट धरून खाली बसले, आणि जिथे बसले तिथेही एक कणीस होतं.

उपटलेला ढीग कुंपणाच्या कडेला टाकला. जमीन आता अशी गुळगुळीत दिसते की पाणी हा शब्दही तिने कधी ऐकला नसावा.

१८ मार्च

सविस्तर लिहायला हवं, कारण आज मला इतक्या वेळा बोलावंसं वाटलं की जीभ दुखते आहे.

मृदापरीक्षक सकाळी नऊला आला. उंच, सडपातळ, पन्नाशी उलटलेला, गुडघ्यावर मातीचे जुने डाग, पायात रबरी बूट. शिंपीकाका पुढे झाले. मी शेजारी पाटी घेऊन. आज बेकरीला सुट्टी म्हणून वहिनीही आलेली.

तो डबक्याच्या बाजूला गेला, त्या गुळगुळीत जमिनीकडे बघत राहिला. "इथे काय होतं?"

"गवत," शिंपीकाका म्हणाले.

"कसलं?"

"हिरवं."

त्याने हात पुढे केला आणि काकांच्या कानामागून कापसाचं एक पिंजलेलं बोंड काढलं. दहा दिवस झाले तरी! ते त्याने लहान पाकिटात घातलं, वर तारीख लिहिली आणि पाकीट खिशात ठेवलं. काकांचा चेहरा अंगरख्याच्या उलट्या बाजूसारखा झाला.

मी लगेच कागदावर लिहिलं, 'आपण सत्तेचे मिंधे आहात की विज्ञानाचे सेवक, हे आज, इथे, या मातीवर ठरवा!' आणि त्याच्या हातात दिलं.

त्याने खिसे चाचपले. "चष्मा गाडीत राहिला. जरा वाचता?" आणि कागद वहिनीला दिला.

वहिनीने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे वाचलं, "उन्हातून आलात, चहा घेणार का?"

"घेईन की."

मी पाय आपटला.

"ताई विचारतायत, साखर किती?"

मग त्याने काम सुरू केलं. लांब दांड्याचं गिरमिट जमिनीत पिळत न्यायचं, वर काढायचं, त्यात अडकलेली माती फळीवर ओळीने मांडायची. वर काळी. फूटभर खाली गेल्यावर राखेसारखी करडी, आणि तिच्यात नारिंगी, गंजलेल्या बारीक नळ्या. उघडून बघितल्या तर आतून पोकळ. माती वासाला अंड्यासारखी, तेही जुन्या.

"जी माती पाण्यात बुडून असते तिच्यात हवा नसते, म्हणून ती करडी पडते," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग का कोण जाणे, वहिनीकडे पाहून पुढे बोलला. "पाणकणीस आपल्या मुळांतून खाली हवा नेतं. मुळाभोवती जिथे ती हवा लागते तिथे मातीतलं लोखंड गंजतं. मुळं तुम्ही उपटलीत. त्यांच्या वाटा राहिल्या आहेत. आज ही जमीन कोरडी दिसते, पण वर्षातले कितीतरी महिने पाणी इथपर्यंत असतं." आणि त्याने स्वतःच्या पोटरीवर हात लावला.

एकेचाळीस माणसांची मेहनत, एक चप्पल, आणि त्या माणसाने ती गिरमिटाने वाचून दाखवली! मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. माती अशी वाचता येते हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.

मग त्याने चिमूटभर माती ओली केली, अंगठा आणि बोटामध्ये दाबत तिची पट्टी पुढे ढकलू लागला. वहिनीने न विचारता फळीवरची माती उचलली आणि तेच केलं. तिची पट्टी लांब, लांब, तुटेचना, करंगळीएवढी झाली.

"हिच्यात मैदा जास्त पडलाय," वहिनी म्हणाली. "धरून बसेल, सोडायची नाही."

"चिकणमाती," तो म्हणाला. "तुम्ही हे काम केलंय?"

"वीस वर्षं पीठ मळतेय."

तो वहिनीकडे असा पाहत राहिला, जसं मी भरलेल्या सभेकडे पाहते. मातीबद्दल एवढी आस्था! माणूस अगदीच वाया गेलेला नाही. माझी पत्रकं नियमित पोचवली तर सुधारेल.

२० मार्च

लेखी टिपण आलं. खालच्या अकरा भूखंडांच्या मागच्या भागात टाकीचं पाणी मुरवता येणार नाही. मुरवलं तर ते मुरणारच नाही, डबक्यात जाईल, तिथून खालच्या गावाच्या विहिरींत. शिवाय एक अट. उपटलेलं पाणकणीस परत लावा, नाहीतर प्रकरण पुढे पाठवावं लागेल.

मी उत्तरादाखल सहा पानं लिहिली. वहिनीने ती वाचली आणि म्हणाली, "खालच्या गावातले लोक काय म्हणतील याच्यावर?"

सहा पानांत खालचं गाव कुठेच नव्हतं. मी पानं फाडली नाहीत, पण पाठवलीही नाहीत.

२२ मार्च

पुनर्लागवड! तेच एकेचाळीस, तीच फावडी, उलटी क्रांती. कुंपणाकडेचा ढीग आतून ओला होता, गड्डे जिवंत. मृदापरीक्षक स्वतः आला, सुट्टीच्या दिवशी. म्हणाला, सहज जात होतो. आमच्याकडे येणारा रस्ता आमच्याकडेच संपतो, त्यामुळे सहज कुठे जात होता ते कळलं नाही. त्याने आणि वहिनीने मिळून शेवटची रांग लावली. वहिनी गुडघाभर चिखलात रुतली तेव्हा त्याने तिला ओढून काढलं, आणि दोघं इतकी हसली की शिंपीकाका विचारायला गेले काय झालं म्हणून.

काका म्हणाले, "ताई, उपटायला दोन तास, लावायला पाच. पुढच्या पत्रकाआधी एकदा विचार करत जा."

२४ मार्च

विशेष काही नाही. मृदापरीक्षक संध्याकाळी पेन्सिल परत करायला आला. पेन्सिल आमची नव्हती. दोन कप चहा प्यायला. मी त्याला 'नागरिक आणि नोकरशाही' या विषयावरची माझी टिपणं वाचायला दिली. चष्मा पुन्हा विसरला होता. वहिनीने वाचून दाखवली. काय वाचलं देव जाणे, दोघं हसत होती. टिपणं विनोदी नाहीत.

२७ मार्च

आज वरची रांग, बारा ते बावीस. मला खात्री होती, इथे तरी कोरडं आहे. कोरडं आहेच! गिरमिट दोन फूट गेलं आणि टण्ण. अकराही जागी टण्ण. खाली अखंड कातळ.

"टाकीचं पाणी ज्या चरात मुरवायचं त्याच्या तळाखाली चार फूट चांगली माती हवी," तो म्हणाला. "पाणी मातीतून सावकाश उतरताना स्वच्छ होतं. कातळाच्या फटीत गेलं की जसं गेलं तसंच दुसरीकडे निघतं."

खाली पाणी, वर दगड. बावीसच्या बावीस नापास. शिंपीकाका नंबराच्या दगडावर बसले आणि बराच वेळ टेप उघडत-मिटत राहिले. मौन सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मी एकटी गप्प नव्हते.

तेव्हा वहिनी म्हणाली, "आणि टेकाड?"

मी पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

दोन्ही रांगांच्या मधोमध असलेलं ते टेकाड कोणाच्या मालकीचं नाही. ते सगळ्यांचं आहे, आणि माझ्या ठरावाने सभागृहासाठी राखीव आहे. दोनशे खुर्च्या. व्यासपीठ पूर्वेला. मागच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचेल असं छत. त्याचं चित्र माझ्या पलंगासमोर भिंतीवर आहे. मी नऊ वर्षं लोकांना जागं केलं, शाळेत तीस वर्षं मुलांना बोलायला शिकवलं, आणि मला एक जागा हवी आहे जिथे काच नसेल. एवढंच.

मृदापरीक्षक म्हणाला, "राखीव असेल तर सभेची परवानगी लागेल. नुसतं बघायचं असेल तर, ठराव तुमचा म्हणून, तुमची."

मी मान हलवली. नाही.

२८ मार्च

भांडण. आमच्या घरातलं पहिलं भांडण ज्यात मला एकही शब्द मिळाला नाही.

वहिनी चिडली की मला 'ताई' म्हणत नाही, 'वन्सं' म्हणते. आज पहिलाच शब्द तोच.

"वन्सं, नुसतं खणून बघायला काय हरकत आहे?"

मी लिहिलं, 'आज खड्डा, उद्या चर, परवा सभागृह रद्द!'

"हो. रद्द."

'लोकांना विचारपीठ हवं!'

"लोकांना? बावीस घरं बांधलीच नाहीत तर दोनशे खुर्च्यांवर कोण बसणार, पाणकणीस?"

मी भराभर लिहीत होते, खडू तुटत होता, आणि ती थांबत नव्हती. मला माहीतच नव्हतं तिच्याकडे इतके शब्द आहेत. मी कधी जागा ठेवली होती म्हणा.

"तुम्हाला लोकांनी ऐकावं असं वाटतं. वाटू दे. मला वीस वर्षं पहाटे साडेचारला अर्ध्या झोपेत एक ओळ गावी लागते, कोणी दार उघडू नये म्हणून. मला ते गाणं आवडत नाही, वन्सं. मला दार हवंय. आतून कडी लागणारं. आत गप्प बसता येईल असं."

मी पाटी पुसली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "ताई, अजून वाढू?"

३१ मार्च

मी परवानगीच्या कागदावर सही केली. फक्त बघण्यापुरती, असं खाली अधोरेखित केलं.

२ एप्रिल

यंत्राने टेकाडावर माणसाच्या उंचीहून खोल खड्डा घेतला. मृदापरीक्षकाने शिडी लावली, खाली उतरला, बराच वेळ वर आलाच नाही. मग त्याचा आवाज आला. "या बघायला!"

वहिनी आधी उतरली, मागून मी. एकसष्टाव्या वर्षी शिडीवरून जमिनीच्या पोटात!

काय सांगू. वरून खालपर्यंत एकच रंग, भाजलेल्या पावासारखा. करडा डाग नाही, गंज नाही, दगड नाही. झुडपांची मुळं सात फुटांपर्यंत खाली गेलेली, जणू त्यांना कोणी अडवलंच नाही. मातीत बोट घातलं तर ती रवाळ सुटून तळहातावर आली. तो आपल्या रंगांच्या पुस्तिकेतल्या चौकोनाशेजारी ढेकूळ धरून पानं उलटत होता. चष्मा आज होता! वहिनीने मातीची पट्टी केली. नखाएवढी झाली आणि मोडली.

"आता कसं?" त्याने विचारलं.

"आता फुगेल," वहिनी म्हणाली.

तो म्हणाला, टाक्या प्रत्येकाने आपापल्या अंगणात बांधाव्यात, त्यांतलं पाणी नळांनी इथे आणावं, खालच्या रांगेला लहान पंप लागतील, आणि टेकाडाखालचे चर बावीस घरांचं पाणी आरामात पचवतील. वर काहीही बांधायचं नाही. फक्त गवत. खालच्या रांगेने मागची पाणथळ सोडून रस्त्याकडे घरं बांधायची, म्हणजे सगळं नियमात बसतं.

मी त्या भिंतीला हात लावून उभी राहिले. मी अनेक मोठ्या सभागृहांत बोलले आहे. एवढं छान छत कुठेच नव्हतं, वर चौकोनी आभाळ आणि काठावरून डोकावणारी शिंपीकाकांची टोपी.

'फक्त बघण्यापुरतं' हे अधोरेखित केलेलं मी घरी येऊन खोडलं.

५ एप्रिल

आज पाणी मुरतं किती ते मोजायचं होतं. छोट्या खड्ड्यात काल पाणी भरून ठेवलेलं, आज परत भरायचं आणि दर अर्ध्या तासाने बघायचं. शिंपीकाकांनी टेप काढला, म्हणाले, छातीची मापं घेतली, कमरेची घेतली, खड्ड्याचं पहिल्यांदा. तीस-चाळीस माणसं वर्तुळ करून एका वीतभर भोकाकडे टक लावून बसलेली. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर आम्हाला वेडं समजलं असतं.

पहिला अर्धा तास. काकांनी टेप सोडला. "दोन बोटं!"

टाळ्या. पाणी उतरलं म्हणून टाळ्या!

दुसरा अर्धा तास. "दोन बोटं!" सोळा नंबरवाली बाई उठून नाचली.

तिसरा. मृदापरीक्षकाने स्वतः वाकून पाहिलं. "एकसारखं. फार वेगात नाही, फार संथ नाही. हवं तसंच. गेल्या दोन वर्षांत इतकी चांगली जागा बघितली नाही." आणि हे बोलताना त्याचं लक्ष खड्ड्यात नव्हतं.

मी ओरडणार होते. वहिनीने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला मातीचा वास होता आणि ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही.

८ एप्रिल

संकट, आणि ते मीच वाढवलेलं.

राखीव जागा मोकळी करायला सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश मतं लागतात. बावीसमधली पंधरा. शिंपीकाका घरोघर विचारून आले. बारा तयार आहेत. दहा म्हणतात, मरू पण टेकाड देणार नाही. भिंतींवर लिहिलंय, 'टेकाड आमचं, सभागृह आमचं!'

ती घोषणा माझी आहे.

"ताई," काका म्हणाले, "मी त्यांना माती सांगितली, पाणी सांगितलं, दोन बोटं सांगितली. ते म्हणतात, पाच वर्षांपूर्वी ताई काय बोलल्या होत्या ते आम्हाला अजून पाठ आहे. पंधरा नंबरवाल्याने मला अख्खं भाषण म्हणून दाखवलं. हातवाऱ्यांसकट."

"चांगलं म्हटलं का?" वहिनीने विचारलं.

"ताईंपेक्षा हळू."

मी अख्खी दुपार बसून ते जुनं भाषण वाचलं. भाषण उत्तम आहे. हीच अडचण आहे.

१० एप्रिल

मृदापरीक्षक आला. अहवाल सही करून आणला होता, आणि पावाची पिशवीही. आमच्याच बेकरीतला पाव! वहिनी रोज घेऊन येते हे त्याला सांगायला हवं होतं. एकटाच राहतो, स्वतःपुरता एक पाव आठवडाभर पुरतो, असं वहिनी म्हणाली. तिला कसं माहीत?

जाताना तो दारात थांबला, टोपी हातात फिरवत माझ्यापुढे उभा राहिला. "ताई, सभा झाली की तुमच्याशी जरा घरगुती बोलायचं होतं. तुम्ही या घरातल्या मोठ्या, म्हणून."

मी लिहिलं, 'अवश्य! सभासदत्वाचा अर्ज माझ्याकडेच असतो.'

वहिनी आत निघून गेली. मी गेले तर चेहरा लालबुंद. म्हणाली, भट्टीची सवय नसल्यासारखं झालंय. घरात भट्टी नाही. हिला जरा विश्रांती हवी आहे. माझ्या पत्रकांचा मात्र परिणाम झाला, एक शासकीय माणूस आपल्या चळवळीत येतो आहे!

१३ एप्रिल

डॉक्टरांनी आरसा घातला, बाहेर काढला. "गाठी गेल्या. दिवसाला दहा मिनिटं बोला. ओरडायचं नाही."

सहा आठवड्यांनी माझा पहिला शब्द काय असावा याची मी खूप तयारी केली होती. घरी आले, वहिनी भांडी घासत होती, आणि तोंडातून निघालं, "वहिनी, चुकलं माझं."

तिने नळ बंद केला. "काय म्हणालात? पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं. मी परत म्हटलं.

१४ एप्रिल

सभा संध्याकाळी पाचला, टेकाडावरच. दहा मिनिटांतलं एक पहाटे खर्च झालं, बादली न वाजवता गायले म्हणून. उरलेल्या नऊ मिनिटांसाठी लिहिलेलं इथे उतरवते. कमी वाटतंय. पण वहिनीकडून एकदा मोठ्याने वाचून घेतलं, पाच मिनिटांत संपलं, आणि काढण्यासारखं काही सापडलं नाही.

'भूखंडधारक बंधू-भगिनींनो,

पाच वर्षांपूर्वी याच टेकाडावर उभं राहून मी तुम्हाला सांगितलं की इथे सभागृह झालंच पाहिजे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. भिंती रंगवल्या. पंधरा नंबरनी तर पाठ केलं. तुमचा दोष नाही, मी बोललेच तसं. मला तेव्हा या जमिनीबद्दल काहीही माहीत नव्हतं. मी तिच्यावर उभी होते, एवढंच. मी कधी खाली वाकून बघितलं नाही.

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडून पाणकणीस उपटून घेतलं आणि परत लावून घेतलं. तुम्ही दोन्ही वेळा आलात. चिखलात उतरलात, आणि मला कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. मी गप्प होते म्हणून नसेल. मी पाटीवर बरंच काही लिहीत होते.

आता ऐका. खालच्या रांगेची माती पाण्यात बुडालेली आहे. वरच्या रांगेखाली दगड आहे. आपल्या बावीस घरांना पुरेल अशी जमीन आपल्याकडे एकच आहे आणि ती आत्ता तुमच्या पायाखाली आहे. तिच्या पोटात उतरून मी बघितलं. तिथे सात फूट खोल मुळं गेलीत. पाणी उतरतं ते दोन बोटं, दर वेळी दोनच. शिंपीकाकांनी मोजलंय आणि त्यांचं माप कोणाच्या अंगाला कधी चुकलं नाही.

सभागृह बांधलं तर आपण दोनशे खुर्च्यांवर बसून, आपल्याला घर का नाही यावर अजून नऊ वर्षं भाषणं ऐकू. माझी. मी ती फार चांगली करीन. तुम्ही परत टाळ्या वाजवाल आणि परत भाड्याच्या खोलीत जाल.

माझ्या ठरावाला विरोध करायला कोणी उभं राहिलेलं नाही. कोणाची हिंमत झाली नसेल. म्हणून मी राहते. ठराव मांडणारी मीच, आणि तो पाडा असं सांगणारीही मीच.

टेकाड मोकळं करायच्या बाजूने, माझ्या सभागृहाच्या विरोधात, आत्ता, इथे, उजवा हात वर करा. पंधरा हवेत. आणि शिंपीकाका शेवटच्या हातापर्यंत मोजून होईपर्यंत कोणी खाली घेऊ नका.'